सुपर मारिओ आरपीजी खूप गोड आहे पण फारच सोपा आहे, तुम्हाला समाधान मिळालं का?

शेवटचा_सेव्हपॉइंट

काल रात्री सुपर मारिओ आरपीजी (म्हणजे पात्रं वाढवत, लढत गोष्ट पुढे न्यायचा गेम) संपवला, निन्टेंडो स्विचवरचा २०२३ चा रिमेक. मूळचा १९९६ चा सुपर निन्टेंडोवरचा, स्क्वेअरने बनवलेला, तो मी कधी खेळलो नव्हतो, त्यामुळे लहानपणीच्या आठवणी वगैरे काही नाहीत, जे काही वाटलं ते आत्ता पहिल्यांदा खेळून वाटलं.

आधी सांगतो की मला गेम मनापासून आवडला. मॅलो नावाचा ढगासारखा मऊ पोरगा आहे, त्याला बेडूक आजोबांनी वाढवलंय म्हणून तो स्वतःला बेडूकच समजतो, आणि तो रडला की खरोखर पाऊस पडायला लागतो. मारिओ अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही, कुणाला काही सांगायचं असलं की उड्या मारून, दुसऱ्याचं रूप घेऊन नाटक करून दाखवतो, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. जीनो म्हणजे बाहुल्यात शिरलेला तारा. बाउझर, ज्याच्याशी आपण जन्मभर भांडतो, तो स्वतःचाच किल्ला हातून गेल्यावर आपल्या पार्टीत, म्हणजे लढणाऱ्या टोळीत, येतो आणि तरी आव असा की आपणच त्याच्या सैन्यात भरती झालोय. हे सगळं इतकं छान जमलंय की कित्येक ठिकाणी मी नुसता थांबून लोकांशी बोलत फिरत होतो.

पण लढाया! पूर्ण गेममध्ये मी एकदाही हरलो नाही. एकदाही नाही. आणि मी काही एक्स्ट्रा लेव्हल वाढवत बसलो नव्हतो, वाटेत जे आले त्यांच्याशीच लढलो. शेवटी पिशवी सिरप आणि मशरूमनी (ताकद भरून काढणाऱ्या वस्तूंनी) गच्च भरलेली, त्यातलं अर्धं कधी वापरायची वेळच आली नाही. सगळ्यात जास्त मनाला लागलं ते शेवटच्या मोठ्या शत्रूशी, स्मिदीशी, लढताना. त्याच्या दुसऱ्या रूपात तो डोकं बदलत राहतो, रणगाड्याचं डोकं, जादूगाराचं डोकं, आणि प्रत्येक डोक्याबरोबर त्याचा हल्ला बदलतो, म्हणजे केवढी भारी कल्पना आहे! पण माझ्याकडून तो इतक्या लवकर पडला की मला फक्त दोन डोकी दिसली. गेज (लढताना भरत जाणारा मीटर) भरलेला होता, तिघांचा मिळून ट्रिपल मूव्ह मारला, संपलं. क्रेडिट्स चालू झाले तेव्हा आनंद झाला पण त्याचबरोबर असंही वाटलं की आपण जिंकलो कुठे, आपल्याला फक्त शेवटापर्यंत आणून सोडलं.

तर विचारायचं हे की तुम्हाला असा गेम खेळून समाधान मिळतं का? की मी त्याच्याकडून भलतंच काहीतरी मागतोय?

लेव्हल_तीस

तुम्ही भलतं काही मागत नाहीये, पण मला वाटतं तुम्ही गेमचा कस चुकीच्या जागी बघताय. हा गेम हरण्या-जिंकण्याचा नाहीच, हा बटण नेमक्या क्षणी दाबण्याचा आहे. हल्ला लागायच्या क्षणी दाबलं तर जास्त डॅमेज, शत्रूचा हल्ला यायच्या क्षणी दाबलं तर आपल्याला कमी लागतं. आणि रिमेकमध्ये टायमिंग अगदी परफेक्ट जमलं तर तो फटका बाकीच्या शत्रूंनाही बसतो. म्हणजे नुसतं "अटॅक" निवडून मोबाईल बघत बसणारा आणि प्रत्येक हाणामारीत हात सावध ठेवणारा, दोघंही गेम संपवतील हे खरं, पण दोघांनी खेळलेला गेम एकच नाही.

गेममधल्या मॉन्स्ट्रो टाउन गावातलं सुपर जंपचं आव्हान (शत्रूवर वेळ साधून सलग उड्या मारायच्या) केलंत का? सलग शंभर उड्या मारल्या की सुपर सूट मिळतो. तीसला अटॅक स्कार्फ मिळतो, तिथपर्यंत बरेच जण जातात आणि सोडून देतात. मी किती संध्याकाळी त्यात घालवल्या ते सांगत नाही. साठ-पासष्टपर्यंत जायचो आणि हात गडबडायचा, कारण मी डोळ्यांनी बघून दाबत होतो, मारिओ खाली येताना बघायचो आणि दाबायचो, आणि प्रत्येक उडीत ते बघण्यामुळेच मन थकायचं. मग एकदा मी स्क्रीनकडे बघणं कमी केलं आणि उडीच्या आवाजावर लक्ष दिलं, टप, टप, टप, एका लयीत, आणि अंगठा आपोआप चालायला लागला. नव्वदच्या पुढे गेल्यावर हाताला घाम आला होता आणि मी श्वास रोखून बसलो होतो. शंभर झाले तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. हे समाधान मला भल्याभल्या अवघड गेमनी दिलं नाही, आणि ते त्याच "फारच सोप्या" गेममध्ये होतं.

पिशवीत_औषध_तसंच

लेव्हल तीस, शंभर उड्यांबद्दल मनापासून अभिनंदन, पण मला तुमचं पटलं नाही. सुपर जंप हा गेमच्या कोपऱ्यात ठेवलेला एक वेगळा डाव झाला. प्रश्न मुख्य वाटेवर काय आहे त्याचा आहे.

माझं म्हणणं असं आहे की हरायला मिळत नाही हे दुखणं नाहीचे, मला काही हरायची हौस नाही. दुखणं हे आहे की गेम तुमच्या हातात दहा गोष्टी देतो आणि त्यातली एकही वापरायची गरज पाडत नाही. मूळ पोस्टमध्ये ती भरलेली पिशवी आहे ना, तीच खरी तक्रार आहे. विष उतरवणारं औषध जवळ असणं आणि विषबाधेने कधी बिघडलंच नाही, मग ते औषध म्हणजे नुसता एक आकडा. कुणीतरी बसून ते हत्यार, तो कपडा, तो स्पेल (जादू) विचार करून बनवला, आणि मी त्याच्या शेजारून निघून गेलो. स्मिदीची न दिसलेली डोकी म्हणजे तेच, बनवणाऱ्यांची मेहनतच बघायला मिळाली नाही.

नी नो कुनी टू या दुसऱ्या आरपीजीच्या वेळी मला हेच झालं. २०१८ चा गेम, चित्रं अशी की कुठेही थांबवा आणि भिंतीवर लावा, जो हिसाइशींचं संगीत, छोटासा राजा नव्याने राज्य उभं करतोय. त्यात एक टॅक्टिक ट्वीकर आहे, कोणत्या प्रकारच्या शत्रूविरुद्ध आपण तगडं व्हायचं, अनुभव जास्त हवा की पैसे जास्त हवेत, हे सगळं त्यात पॉइंट लावून ठरवता येतं. मी तो सुरुवातीला एकदा उघडला, कौतुकाने बघितला आणि मग वीस-एक तास विसरून गेलो, कारण काहीही न लावता सगळे पडत होते. नंतर अपडेटमध्ये हार्ड आणि एक्सपर्ट मोड आले. हार्डवर परत सुरू केल्यावर पहिल्यांदा मला तो मेनू नीट वाचावा लागला, कुठला शत्रू कशाला घाबरतो ते बघावं लागलं. गोष्ट तीच, चित्रं तीच, राजा तोच, पण आता मी त्याच्याबरोबर होतो असं वाटलं.

आणि कुणी सांगू नका की "मग स्वतःच नियम लावून खेळा, औषध वापरू नका, कपडे बदलू नका". ते मी केलंय. अडचण आली की नियम मोडायची चावी आपल्याच खिशात असते, आणि ते मनाला माहीत असतं. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन या आरपीजीमध्ये सुरुवातीलाच कडक पर्याय निवडता येतात, शत्रू तगडे, दुकानात खरेदी बंद, चिलखत बंद, लढाईतून पळणं बंद. तिथे गेम स्वतः सांगतो की हो, असंही खेळता येतं, ये बघू. मला ते चालतं. ब्रीझी नावाचा अजून सोपा मोड सुपर मारिओ आरपीजीच्या रिमेकमध्ये दिला, छान केलं, अगदी हवाच होता, पण मग दुसऱ्या बाजूला एक पायरी का नाही दिली?

दोघींचा_एक_कंट्रोलर

मी हा गेम माझ्या सात वर्षांच्या मुलीबरोबर खेळले. तिचा पहिला आरपीजी. म्हणून माझं उत्तर वेगळं आहे, पण "लहान मुलांसाठी ठीक आहे हो" असं म्हणून कुणी बाजूला ठेवू नका, कारण यातून मलाच स्वतःसाठी एक गोष्ट कळली.

मॅलोकडे एक स्पेल आहे, शत्रूच्या मनात काय चाललंय ते वाचायचं. एकच एफपी (जादूची शक्ती) लागतो, शत्रूचा एचपी (उरलेला जीव) दिसतो, आणि टायमिंग बरोबर जमलं तर त्याच्या मनातलं एक वाक्यही वाचायला मिळतं. आता जो नेहमी आरपीजी खेळतो तो हे वापरत नाही. मीही एकटी असते तर वापरलं नसतं, कारण एक टर्न (पाळी) वाया जातो, तेवढ्यात एक फटका मारून होतो. पण माझ्या मुलीने पहिल्यांदा ते बघितल्यावर तिचं ठरूनच गेलं की नवा शत्रू आला की आधी त्याच्या मनातलं वाचायचं, मगच मारायचं. प्रत्येक वेळी! आणि ती दोन्ही हातांनी कंट्रोलर धरून, ओठ दाबून, त्या एका क्षणाची वाट बघायची, कारण चुकलं तर वाक्य दिसणार नाही. कधी चुकायचं, मग पुढच्या टर्नला परत तेच. समोरचे तीन जण मिळून आम्हाला मारतायत आणि आमचा मॅलो त्यांची मनं वाचत उभा.

अवघड गेममध्ये हे करताच आलं नसतं. तिथे प्रत्येक टर्नचा हिशोब असतो, कुणाच्या मनात काय आहे हे विचारायला उसंत नसते. या गेममधला निम्मा गोडवा अशाच जागी लपलाय जिथे पोचायला तुमच्याकडे वाया घालवायला वेळ हवा, आणि तो वेळ सोपेपणातून येतो. म्हणून मला वाटतं इथे सोपं ठेवणं आणि गोड असणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच्या जिवावर दुसरी उभी आहे.

पिशवीत औषध तसंच यांचं म्हणणं मला पटतं की गेमने जे दिलंय ते वापरलं गेलं पाहिजे. फक्त ते धाकानेच वापरलं जातं असं नाही, कुतूहलानेही वापरलं जातं. आमची पिशवीही भरलेलीच राहिली, पण गेममधलं जेवढं बघता आलं असतं त्यातलं फार थोडं सुटलं.

जुनी_काडतुसं

सोपेपणाबद्दल एक जोडतो. फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट हा आरपीजी, १९९२. मुद्दाम नवख्यांसाठी बनवलेला. शत्रू नकाशावर उभे दिसतात, अचानक कुणी अंगावर येत नाही, लढाई हरलात तर तिथूनच परत सुरू करा. सगळं प्रेमाने सोपं केलेलं. पण गावातल्या लोकांकडे सांगायला फारसं काही नाही, सोबती येतात नि जातात, त्यांचं काही वाटत नाही. संगीत मात्र जबरदस्त, ते आजही ऐकतो. तो गेम मी संपवला आणि मनात काही उरलं नाही. म्हणजे सोपं केल्यावर जी जागा मोकळी होते ती कशाने तरी भरावी लागते, मारिओवाल्यांनी ती भरली आणि यांनी मोकळी सोडली.

याच्या उलट अर्थबाउंड हा जुना आरपीजी. आपण खूप पुढे गेलो आणि समोर कमजोर शत्रू आला तर लढाई सुरूच होत नाही, थेट "जिंकलात". आणि एचपी गाडीच्या मीटरसारखा आकडा आकडा फिरत खाली येतो, जीव घेणारा फटका बसला तरी मीटर शून्यावर यायच्या आत औषध दिलं किंवा लढाई संपवली तर वाचता. जिथे लढण्यात अर्थ नाही तिथे वेळ खात नाही आणि जिथे आहे तिथे घाम काढतो. मला हे प्रमाण सगळ्यात जास्त आवडतं.

शेवटचा_सेव्हपॉइंट

सगळ्यांची उत्तरं दोन दोनदा वाचली, मनापासून आभार. मधल्या दिवसांत परत खेळलो, ते सांगतो.

आधी क्युलेक्स. मॉन्स्ट्रो टाउनच्या बंद दाराआडचा लपलेला बॉस (मोठा शत्रू), ज्याच्यासाठी चमकणारा दगड लागतो. तो मी पहिल्या खेळात केला होता, सगळं जग थ्रीडी आणि हा एकटा जुन्या सपाट पिक्सेलमध्ये उभा, ते बघूनच अंगावर काटा आला होता. शेवट झाल्यावर रिमेकमध्ये काही बॉस परत लढायला मिळतात, त्यात हा थ्रीडी होऊन येतो. मी हरलो. दुसऱ्यांदा हरलो. तिसऱ्यांदा बसून आधी सगळ्यांचे कपडे, दागिने बघितले, कुणाला काय घातलं तर कशापासून वाचतो ते वाचलं, लढाईच्या मधेच माणूस बदलता येतो हे मी तोपर्यंत जवळपास विसरलोच होतो, ते वापरलं, त्याचे चार स्फटिक कुठल्या क्रमाने फोडायचे ते ठरवलं. पिशवीतले सिरप शेवटी शेवटी मोजून वापरत होतो. राजकन्या पीच, तीही आपल्या टोळीत असते, ती सोडून सगळे आडवे असताना तिने एकाला उठवलं आणि तिथून लढाई फिरली. पिशवीत औषध तसंच, तुम्ही म्हणता ते अगदी असंच, गेम तोच होता पण मी पहिल्यांदा त्यात पूर्ण होतो. राग एवढाच आहे की हे सगळं शेवटानंतर ठेवलंय. मधे कुठेतरी दोन-तीनदा असं मागितलं असतं तर स्मिदीपर्यंत मी नुसता चालत गेलो नसतो.

आणि दोघींचा एक कंट्रोलर, तुमचं वाचल्यावर नवी फाईल सुरू केली. मॅलो आल्यापासून प्रत्येक नव्या शत्रूचं मन वाचतोय. टायमिंग मला अजून नीट जमत नाही, तुमच्या मुलीला विचारून सांगाल का की ती नेमकं कशावर लक्ष ठेवून बटण दाबते?

दोघींचा_एक_कंट्रोलर

विचारलं. ती म्हणते "मी मनातल्या मनात मोजते". किती ते सांगत नाहीये, म्हणते ज्याने त्याने आपलं शोधायचं.