मदत हवी आहे: मोझांबिकची तूर, युद्धानंतरचा बाजार आणि एलसीची मुदत

नमस्कार मंडळी. वाशीच्या दाणाबंदरातल्या तूर आयातदारांसाठी मोझांबिकवर टिपण करतोय, दोन जागी अडलंय.

तिथली यादवी ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोम कराराने थांबली, १९९४ मध्ये निवडणूक झाली. पण बाजार खुला करणं १९८७ पासूनच, लढाई चालू असताना, सुरू झालं होतं. काजूचंच बघा. जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या बीवरचं निर्यात शुल्क उतरवलं, बी थेट भारतात येऊ लागली आणि तिथले काजू कारखाने बंद पडले. शेतकऱ्याच्या पदरात फारसं पडलं नाही, मधल्या व्यापाऱ्यांचं मात्र फावलं. (ओळखीचं वाटतंय ना?)

पहिला प्रश्न: २०२३ च्या अखेरीस नकाला बंदरात तुरीचे कंटेनर अडकले होते. माल जहाजावर चढलाच नाही तर 'ऑन बोर्ड' बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) मिळत नाही आणि एलसीची (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या पेमेंट हमीची) मुदत टळते. अशा बंदरासाठी लोडिंगची शेवटची तारीख तुम्ही किती सैल ठेवता? मुदतवाढीचा खर्च कोणाच्या माथी?

दुसरा: रेनामोचं (यादवीत सरकारविरुद्ध लढलेल्या संघटनेचं) निःशस्त्रीकरण २०२३ पर्यंत रेंगाळलं. त्या सैनिकांच्या पेन्शनची तरतूद तिथल्या बजेटमध्ये कुठे दिसते? बजेट पोर्तुगीजमध्ये असतं. ठाणे-नवी मुंबईत पोर्तुगीज वाचणारं कुणी आहे का?