मदत हवी आहे: सोव्हिएत शोध कारखान्यात का रुजले नाहीत?

सोव्हिएत संघात 1931 नंतर संशोधकाला बहुधा पेटंटऐवजी संशोधक-प्रमाणपत्र मिळे. वापराचा हक्क सरकारचा, संशोधकाला बक्षीस. तरी शोध कमी लागले असं मुळीच नाही! पोलादाच्या अखंड ओतकामात (वितळलेलं पोलाद न थांबता सलग ओतून घट्ट करण्याची पद्धत) सोव्हिएत संघ 1950च्या दशकात आघाडीवर होता. 1980च्या दशकात मात्र तिच्या वापरात जपान कितीतरी पुढे होता. मला वाटतं, खरा दोष सरकारने कारखान्याला ठरवून दिलेल्या उत्पादनाच्या कोट्याचा असावा. नवं यंत्र बसवायला काम थांबवलं की व्यवस्थापकाचा बोनस बुडणार, आणि उत्पादन वाढलं तर पुढच्या वर्षी कोटाच वाढणार. मग धोका कोण पत्करेल? पण पेटंटचा अभाव आणि कोटा, हे दोन परिणाम वेगळे कसे मोजायचे? पूर्व (सोव्हिएत धर्तीच्या) आणि पश्चिम (बाजारव्यवस्थेच्या) जर्मनीतल्या एकाच उद्योगाची तुलना चालेल का? प्रबंधाचं प्रकरण इथेच अडलंय, जाणकारांनी कृपया सुचवा.