एसीत मोजलेली लेटन्सी (प्रतिसादाला होणारा उशीर) मे महिन्यात काय कामाची?

संत्रा_ग्रेडर (हिंगणा)
आम्ही संत्री वेगळी करायचं यंत्र बनवतो. पट्ट्यावरून फळ येतं, कॅमेरा बघतो, पुढे हवेचा झोत त्याला खालच्या खोक्यात ढकलतो. कंट्रोलरला आरटी लिनक्स, म्हणजे ठरल्या वेळेत काम करणारं लिनक्स, घ्यायचं ठरलंय. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 पासून प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे त्यासाठीची सोय, मूळ कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, त्यामुळे पॅच लावत बसायची कटकट गेली. राहिला बोर्ड. कुणालाही विचारा, तो सायक्लिकटेस्टचा, म्हणजे काम ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जागं होतं ते मोजणाऱ्या चाचणीचा, स्क्रीनशॉट पाठवतो. एकाचा कमाल आकडा 60 मायक्रोसेकंद, दुसऱ्याचा 18. दहा मिनिटं चालवलेलं, बोर्ड रिकामा, खोलीत एसी. माझं मत: असे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं बंद करा. सरासरी तर बघूच नका. सगळ्यात वाईट वेळी किती उशीर होतो तेवढंच विचारा, आणि ती वेळ दहा मिनिटांत उजाडत नाही.

धंतोलीकर
साफ असहमत. दहा मिनिटांचा स्क्रीनशॉट टाकाऊ आहे म्हणून तुलनाच टाकाऊ कशी? जर्मनीतली ओएसएडीएल ही संस्था रॅकमध्ये ढीगभर बोर्ड लावून एकच चाचणी घेते: दर 200 मायक्रोसेकंदांनी, 10 कोटी वेळा. हिशेब करा, साडेपाच तास होतात. तागडी एकच, म्हणून हा बोर्ड बरा की तो, हे बोलता येतं. प्रत्येकाने आपापल्या शेडमध्ये मोजलं तर उरतात फक्त गप्पा.

शिवाय दोष ओएसचा की लोखंडाचा (हार्डवेअरचा), हेही कळतं. माझ्या एका जुन्या डेस्कटॉपवर मधूनच आकडा उसळायचा. आठवडाभर कर्नलला शिव्या दिल्या. मग एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे हार्डवेअरचा उशीर पकडणारं साधन लावलं तर बायोसचे (बोर्डाच्या फर्मवेअरचे) एसएमआय, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे इंटरप्ट, निघाले. ते इंटरप्ट लिनक्सला दिसतही नाहीत, थांबवणं तर दूरच. बोर्ड बदलून तीच चाचणी घेतली, उसळी गायब.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट
भाऊ, पट्टा सेकंदाला 1 मीटर धरा. 1 मिलिसेकंद उशीर म्हणजे फळ 1 मिलिमीटर पुढं. 60 मायक्रोसेकंद म्हणजे केसाची जाडी! संत्र्याले काय फरक पडते? तुमचा व्हॉल्व्ह उघडालेच काही मिलिसेकंद लागते. 60 आन 18 साठी काऊन भांडून रायले?

संत्रा_ग्रेडर
60 ची भीती नाहीच. हजारदा 60 आणि एकदा भलताच आकडा, त्याची आहे. मागच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बंद डब्यात रास्पबेरी पाय 4 हा छोटा बोर्ड होता. बाहेर 45. चिप 80 अंशांवर गेली की स्वतःच घड्याळ मंद करते. दुपारी झोत बरोबर दोन फळांच्या मधोमध बसायला लागला. शेतकरी समोर उभा, आणि चांगली संत्री चुरीच्या खोक्यात.

महालचा_मास्तर
थांबा, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. सायक्लिकटेस्ट एवढंच सांगतो की धाग्याला (थ्रेडला) अमुक वेळेला उठायचं होतं आणि तो किती उशिरा उठला. उठल्यावर आंघोळीला किती वेळ घेतला, ते त्याला माहीत नाही. तुमचं चित्र-प्रक्रियेचं काम मंदावलं, जागं होणं नव्हे. तोच टेस्ट तुमच्या तापलेल्या डब्यात रात्रभर चालवला असता तरी आकडा बहुतेक ठीकच दिसला असता. मोजायचंच तर सेन्सरच्या तारेवर स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) एक प्रोब, व्हॉल्व्हच्या पिनवर दुसरा. मधलं अंतर हाच तुमचा आकडा.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट
आन व्हॉल्व्ह मायक्रोकंट्रोलरले द्या, फ्रीआरटीओएस (छोट्या चिपची रिअल-टाइम ओएस) टाकून. त्यातला कॉर्टेक्स-एम4 सारखा प्रोसेसर इंटरप्टले 12 सायकलमध्ये उत्तर देते. लिनक्सनं फक्त कोणतं फळ पाडायचं ते सांगावं.

संत्रा_ग्रेडर
मास्तर, मान्य, चूक झाली. पण मग धंतोलीकरांचा रॅक तर आणखीच निरुपयोगी ठरला ना?

धंतोलीकर
अजिबात नाही. स्कोप लावाल, पण कोणत्या बोर्डाला? बाजारातले सगळे आणून बसवणार आहात? रॅकचे आकडे चाळणी आहेत. एसएमआयवाले, खराब फर्मवेअरवाले बोर्ड आधीच गळून पडतात.

संत्रा_ग्रेडर
बरं, तुमच्या यादीतले दोन सांगा. दोन्ही डब्यात घालतो, झाकण लावून, दुपारी 3 वाजता पत्र्याखाली. सोबत एसडी कार्डावर लॉग लिहिणंही चालू ठेवतो. स्कोप मास्तरांचा. कूलर बंद.

बुटीबोरी_नाइटशिफ्ट
डब्याचा बंद ठेवा. माणसांचा चालू राहू द्या बाप्पा.