स्कूबलच्या एका हंगामासाठी मरिनर्सनी एमर्सन आणि अँडरसन द्यावेत का?

शेवटची इनिंग:

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या २०२५ च्या हंगामात आपल्या सिअ‍ॅटल मरिनर्सनी ९० सामने जिंकले, २००१ नंतर प्रथमच अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) पश्चिम विभागाचे विजेतेपद मिळवले, आपल्या कॅल रॅलीने ६० होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले, आणि तरीही टोरोंटोविरुद्धच्या लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या, निर्णायक सामन्यात ३-१ अशी आघाडी हाती असताना त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरच्या एका फटक्याने सारे संपले. मेजर लीगमध्ये वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका) आजवर एकदाही न खेळलेला संघ आता आपला एकटाच उरला आहे. २०२५-२६ च्या या हिवाळ्यात डेट्रॉइट टायगर्सचा पिचर (गोलंदाज) टॅरिक स्कूबल याचे नाव पुन्हा पुन्हा कानावर येते ते या पार्श्वभूमीवर.

स्कूबलची थोरवी वादातीत आहे. त्याने सलग दोन वर्षे अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला असून २०२५ मध्ये १९५ हून अधिक इनिंग टाकताना त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) २.२१ आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) २४१ होते. अडचण एवढीच, की २०२६ चा हंगाम संपताच तो फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होईल. म्हणजे आपण जे काही देऊ ते केवळ एका हंगामासाठी देऊ. आपल्याकडे देण्यासारखे मात्र भरपूर आहे: २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) बाविसाव्या क्रमांकावर निवडलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) कोल्ट एमर्सन, २०२५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला डावखुरा पिचर केड अँडरसन, शिवाय लाझारो मोंटेससारखा ताकदीचा फलंदाज. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या खेळाडूचा त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) करता येत नाही. ती मुदतही आता उलटली असल्यामुळे अँडरसनवर कोणतीही आडकाठी उरलेली नाही.

माझा स्वतःचा कल असा आहे, की अँडरसन द्यावा, एमर्सन देऊ नये, कारण जे. पी. क्रॉफर्डचा करार २०२६ अखेर संपतो आणि त्यानंतर शॉर्टस्टॉपची जागा सांभाळेल असा दुसरा कोणी मला दिसत नाही. परंतु एमर्सनशिवाय टायगर्स बोलणी तरी करतील का, याविषयी आपली मते जाणून घ्यायची आहेत.

जुना किंगडोम:

माझ्या मते एमर्सन आणि अँडरसन दोघेही द्यावेत, आणि तेही फारशी घासाघीस न करता.

प्रॉस्पेक्टची, म्हणजे मेजर लीगच्या वाटेवरच्या तरुण खेळाडूची, किंमत आपण त्याच्याविषयी जे वाचतो त्यावरून ठरवतो, तो पुढे जे खेळतो त्यावरून नव्हे. २००८ च्या जुलैमध्ये मिलवॉकी ब्रुअर्सनी पिचर सीसी सबाथियासाठी क्लीव्हलँडला जे चौघे दिले, त्यांतील मॅट लापोर्टा हा सर्वांत मोठा मोहरा समजला जात होता आणि तो देताना ब्रुअर्सच्या चाहत्यांना हळहळ वाटली होती. लापोर्टा मेजर लीगमध्ये कधीच स्थिरावला नाही. त्या व्यवहारातून खरा खेळाडू निघाला तो मायकल ब्रँटली, आणि त्याचे नाव तर ट्रेडच्या दिवशी ठरलेदेखील नव्हते. ते मागाहून कळवण्यात आले. इकडे सबाथियाने उरलेल्या हंगामात १७ सामन्यांत ११ विजय मिळवले, १.६५ ईआरए राखला आणि १९८२ नंतर प्रथमच त्या संघाला प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) नेले. हंगाम संपताच तो यांकीजकडे निघून गेला, हे खरे. तरीही त्या संघाच्या चाहत्यांना तो उन्हाळा परत करायला सांगून पाहा.

२०१७ मध्ये ह्यूस्टनने पिचर जस्टिन व्हरलँडरसाठी तीन प्रॉस्पेक्ट दिले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या तिघांपैकी फ्रँकलिन पेरेझ हा पिचर व्यवहाराचा गाभा मानला गेला होता. दुखापतींमुळे तो मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही.

आपला काळ आत्ता आहे. रॅली आणि हुलिओ रॉड्रिगेझ ऐन भरात आहेत, पिचर लोगन गिल्बर्टवरचा आपला हक्क २०२७ नंतर संपेल, दुसरा पिचर लुईस कास्तीयो याचे वय वाढत चालले आहे. चौथ्या वर्षी कदाचित उत्तम ठरेल अशा शॉर्टस्टॉपसाठी हा काळ वाया घालवणे मला पटत नाही.

सव्विसावा आउट:

किंगडोम यांचे उत्तर वाचून मला २००८ आठवले, पण मिलवॉकीचे नव्हे, आपले.

२००७ मध्ये आपण ८८ सामने जिंकले होते आणि ‘एक अव्वल स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) मिळाला की झाले’ अशी सर्वांची खात्री पटली होती. म्हणून २००८ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरकडून एरिक बेडार्ड घेतला आणि त्याच्या बदल्यात अ‍ॅडम जोन्स, क्रिस टिलमन, जॉर्ज शेरिल यांच्यासह पाच जण दिले. बेडार्डने त्या हंगामात केवळ १५ सामने सुरू केले, पुढच्या हंगामातही तेवढेच, आणि त्यानंतरचे पूर्ण वर्ष तो दुखापतीमुळे मैदानाबाहेर राहिला. २००८ मध्ये आपण १०१ सामने हरलो. जोन्स मात्र बाल्टिमोरसाठी पाच वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, आणि २०१२ व २०१४ मध्ये त्या संघाला प्लेऑफमध्ये नेणाऱ्यांत तो आणि टिलमन दोघेही होते.

बेडार्ड वाईट पिचर नव्हता, उलट त्या वेळी अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम डावखुऱ्यांत त्याची गणना होत असे. चूक अशी झाली, की ८८ विजयांचा तो संघ वाटत होता तितका चांगला नव्हता, आणि सारा भार एका खांद्यावर टाकला गेला. स्कूबलच्या हाताचा इतिहासही निर्मळ नाही. कॉलेजात असताना, २०१६ मध्ये, त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा अस्थिबंध नव्याने बसवणारी) झाली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच हाताच्या फ्लेक्सर टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर) दुसरी. त्यानंतर तो जे खेळला ते थक्क करणारे आहे, परंतु एकाच हंगामाचा हक्क विकत घेताना दोन महिन्यांची दुखापतदेखील व्यवहाराचा मोठा हिस्सा गिळून टाकते. तीन वर्षांचा हक्क असता तर तेच दोन महिने सोसता आले असते.

व्हरलँडरच्या उदाहरणातही एक फरक आहे. त्याच्या कराराची आणखी दोन वर्षे शिल्लक होती, आणि २०१९ चा साय यंग त्याने ह्यूस्टनसाठीच जिंकला.

वुडवर्ड अव्हेन्यू:

मी टायगर्सचा चाहता आहे, त्यामुळे या चर्चेत आगंतुकासारखा शिरत असल्यास क्षमा असावी. परंतु वरील तिन्ही लेखांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की विकणाऱ्याला प्रॉस्पेक्टच हवे असतात.

शिकागो व्हाइट सॉक्सनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये पिचर गॅरेट क्रोशे बॉस्टनला दिला तेव्हा त्यांनी त्या वर्षी १२१ सामने गमावले होते. त्यांना काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस माइड्रॉथ आणि विकेलमन गोंझालेझ असे चार तरुण घेऊन नव्याने उभारणी करायची होती, आणि वाट पाहण्याखेरीज त्यांच्याकडे दुसरे काम नव्हते. आमची स्थिती तशी नाही. आम्ही ८७ सामने जिंकले, क्लीव्हलँडला त्यांच्याच मैदानावर हरवून पुढे आलो, आणि तुमच्याविरुद्धची मालिका पाचव्या सामन्याच्या पंधराव्या इनिंगपर्यंत नेली. त्या सामन्यात स्कूबलने सहा इनिंगमध्ये १३ फलंदाज बाद केले आणि तो बाहेर गेला तेव्हा आम्ही २-१ ने पुढे होतो. असा संघ आपला सर्वोत्तम पिचर देतो तो २०२८ ची तयारी म्हणून नव्हे. त्याला २०२६ मध्येही जिंकायचे असते.

एमर्सनविषयी तुम्ही इतकी काळजी करता, पण शॉर्टस्टॉप आमच्याकडे आहे. केविन मॅक्गॉनिगल आणि मध्य मैदानासाठी मॅक्स क्लार्क या दोघांवर आमची पुढची बांधणी उभी आहे. आमच्याकडे नाहीत ते पिचर. आमचा तरुण पिचर जॅक्सन जोब याची २०२५ च्या जूनमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आहे. त्यात स्कूबलही गेला तर रोटेशन (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरांचा ताफा) उघडे पडते. तेव्हा डेट्रॉइटकडून पहिला प्रश्न एमर्सनचा नव्हे, तुमचा स्टार्टर ब्रायन वू याचा येईल. वू नाही म्हटल्यावर ब्राइस मिलरचा. आणि अँडरसन त्यानंतर, त्यांच्याऐवजी नव्हे.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर आम्ही त्याला विकूच नये. शेवटच्या वर्षाचा स्कूबल, आणि तो गेल्यावर मिळणारा ड्राफ्टमधील एक पिक (निवडीचा हक्क), एवढ्यावरही मी समाधानी राहीन.

आकडेमोड:

वुडवर्ड यांच्या मुद्द्यामुळे चर्चा योग्य जागी आली, म्हणून दोन गोष्टी जोडते.

या व्यवहाराची तुलना क्रोशेशी करू नये, कॉर्बिन बर्न्सशी करावी. क्रोशेवर बॉस्टनला दोन हंगामांचा हक्क मिळाला होता आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार करून टाकला. बर्न्स मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत मिलवॉकीहून बाल्टिमोरला गेला तो नेमका एका हंगामासाठी, तोही साय यंग विजेता होता, आणि त्याची किंमत होती जोई ओर्टिझ, डीएल हॉल आणि ड्राफ्टमधील चौतिसावा पिक. यांतला एकही बाल्टिमोरच्या सर्वोच्च प्रॉस्पेक्टपैकी नव्हता. मिलवॉकीदेखील तेव्हा स्पर्धेतला संघ होता. त्यांनी मेजर लीगमध्ये लगेच खेळू शकतील असे दोघे घेतले आणि पुढची दोन्ही वर्षे आपला विभाग जिंकला. वुडवर्ड जे सांगत आहेत त्याचा हा चालताबोलता दाखला आहे. स्कूबल बर्न्सपेक्षा सरस आहे हे मान्य केले तरी एमर्सन आणि अँडरसन ही जोडी त्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

बाल्टिमोरला काय मिळाले, तेही पाहावे. बर्न्सने १५ विजय आणि २.९२ ईआरए दिला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात आठ इनिंगपलीकडे जाऊन केवळ एक धाव दिली, आणि कॅन्सस सिटीने तो सामना १-० ने जिंकला. पिचरने याहून अधिक काय करायचे? किंगडोम यांना आवडणाऱ्या सबाथियाच्या कथेत हा प्रकार बसत नाही. सातव्या सामन्यात आपल्या फलंदाजांनी तीनच धावा केल्या होत्या, हे मी मुद्दाम नमूद करते.

दुसरी गोष्ट नियमांची आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या खेळाडूला हंगामाअखेर क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक रकमेच्या कराराचा प्रस्ताव) देता येते आणि तो दुसरीकडे गेल्यास ड्राफ्टचा पिक मिळतो; जुलैमध्ये घेतल्यास हा लाभ नाही. त्यामुळे हिवाळ्यात थोडे अधिक मोजणे समर्थनीय ठरते. मात्र मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि स्कूबल बाजारात येईल तो त्याच सुमारास. ही भरपाई नव्या करारात तशीच राहील, असे मानून कोणी हिशेब मांडू नये.

जुना किंगडोम:

तीन धावांचा मुद्दा मान्य आहे, पण त्या सामन्याची सातवी इनिंगही आठवावी. दुखापतीतून नुकताच परतलेला वू नेहमीची भूमिका सोडून बुलपेनमधून, म्हणजे बदली पिचर म्हणून, आला होता, आणि त्याने मागे ठेवलेल्या दोन धावपटूंसह स्प्रिंगरने चेंडू मैदानाबाहेर धाडला. २०२५ मध्ये गिल्बर्ट, कर्बी आणि मिलर हे आपले तिघेही स्टार्टर काही काळ जायबंदी यादीत होते. ज्या रोटेशनचे आपण कौतुक करतो ते वर्षभर एकत्र उभे राहिलेच नाही. म्हणून वू किंवा मिलर देऊन स्कूबल घेण्याला माझा विरोध आहे. त्यात एक भोक बुजवताना दुसरे पडते. द्यायचे तर प्रॉस्पेक्टच द्यावेत.

सव्विसावा आउट:

आणि वुडवर्ड यांना नेमके तेच नको आहेत. तेव्हा दोन्ही संघांना मान्य होईल असा व्यवहारच उरत नाही, निदान दोघांतच तरी नाही. ज्याच्याकडे एखादा मध्यम दर्जाचा, पण लगेच खेळणारा स्टार्टर आहे आणि ज्याला तरुण हवे आहेत, असा तिसरा संघ मध्ये आणल्यास एमर्सनला हात न लावता काही जमू शकेल.

शेवटची इनिंग:

सर्वांचे आभार. तिसऱ्या संघाची कल्पना मला सर्वांत व्यवहार्य वाटते: अँडरसन आणि मोंटेस त्या तिसऱ्या संघाकडे, त्यांचा स्टार्टर आणि आपला एखादा रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) डेट्रॉइटला, स्कूबल आपल्याकडे.

एक शंका उरते. २००८ मध्ये मिनेसोटाकडून योहान सांताना घेताना न्यूयॉर्क मेट्सना त्याच्याशी नव्या कराराची बोलणी करण्यासाठी ७२ तासांची मुभा मिळाली होती आणि तो करार झाल्यावरच ट्रेड पक्का झाला. स्कूबलने कॉलेजचे बेसबॉल सिअ‍ॅटल विद्यापीठातच खेळले, त्यामुळे हे शहर त्याला परके नाही. परंतु त्याचे एजंट स्कॉट बोरास आहेत, आणि त्यांचे खेळाडू बहुधा खुल्या बाजारापर्यंत जाऊनच थांबतात. पिचरसाठी आजवरचा सर्वांत मोठा करार योशिनोबू यामामोतोचा, ३२.५ कोटी डॉलरचा आहे, आणि बोरास त्याच्या खाली बोलणी सुरू करतील असे वाटत नाही. अशी मुभा मिळाली आणि आपले मालक त्या आकड्यापर्यंत गेले, तर एमर्सनविषयीचे माझे मतही बदलेल. वुडवर्ड, डेट्रॉइटने त्याला आजवर किती वर्षांचा प्रस्ताव दिला आहे, याविषयी तिकडे काही बोलले जाते का?

वुडवर्ड अव्हेन्यू:

बोलले बरेच जाते, पण त्याच्या जवळपासचे कोणी बोलत नाही. तुमच्या नव्या प्रस्तावातला रिलीव्हर जर आंद्रेस मुन्योझ असेल, तर मी पुन्हा विचार करीन.