मराठीतील ‘माती’ आणि इंडोनेशियातील ‘माती’: नाते की योगायोग?

प्रश्न

गेली दीड वर्षे मी नोकरीनिमित्त जकार्तात राहत आहे. वीज गेली की इथले लोक ‘माती लाम्पू’ म्हणतात. त्यातील ‘लाम्पू’ म्हणजे दिवा आणि ‘माती’ म्हणजे मेलेला किंवा बंद पडलेला. मृत्युदंडाला इथे ‘हुकुमान माती’ म्हणतात. माझे बालपण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. आमच्याकडे अंत्यविधीलाच ‘माती’ म्हणतात. ‘मातीला जाऊन आलो’, ‘माती किती वाजता आहे?’ ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकली आहेत आणि ‘मूठमाती’ तर सर्वांच्याच परिचयाची आहे. इंडोनेशियन भाषेत गुरू, मानुसिया, बहासा असे संस्कृतातून आलेले कितीतरी शब्द असल्यामुळे ‘माती’ हाही आपलाच शब्द असावा, असे माझे मत जवळजवळ पक्के झाले होते.

मात्र गेल्या आठवड्यात एका ग्रीक सहकारी बाईंच्या गळ्यात निळ्या काचेचा मणी दिसला. दृष्ट लागू नये म्हणून घातलेल्या या मण्याला त्यांच्याकडे ‘माती’ म्हणतात, कारण ग्रीकमध्ये ‘माती’ म्हणजे डोळा. आता गोंधळ असा, की इंडोनेशियनमध्ये डोळ्याला ‘माता’ म्हणतात. यात कोण कोणाचे नातेवाईक आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

गुरू, मानुसिया, बहासा हे संस्कृतातून आलेले शब्द सोडले, तर आपण दिलेल्या बाकीच्या शब्दांपैकी ‘हुकुमान’मधील ‘हुकुम’ एवढाच मराठीशी खरोखर जोडलेला आहे, आणि तोही अरबीमुळे. अरबी ‘हुक्म’ आपल्याकडे फारसीमार्गे येऊन ‘आज्ञा’ या अर्थाने स्थिरावला. मलय भाषेत तो ‘कायदा’ या अर्थाने रुजला आणि त्याला ‘-आन’ हा तिथला प्रत्यय लागून ‘शिक्षा’ असा अर्थ तयार झाला. (इंडोनेशियन ही मलय भाषेचेच एक प्रमाण रूप आहे, म्हणून पुढे मी ‘मलय’ असेच लिहीत आहे.) तिन्ही ‘माती’ मात्र एकमेकींना पूर्णपणे परक्या आहेत.

मराठी ‘माती’ संस्कृत ‘मृत्तिका’पासून आली. पालीत तिचे ‘मत्तिका’ झाले, प्राकृतात ‘मत्तिआ’, आणि मराठीत येताना जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला. हे एकट्या मातीच्या बाबतीत घडलेले नाही. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. भक्त, भत्त, भात, ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी आहेत. शेवटच्या ‘-इका’चा ‘-ई’ होणेही ‘मक्षिका’पासून झालेल्या ‘माशी’त दिसते. ‘मृत्तिका’ हा शब्द ‘मृद्’पासून आहे, मरण दाखवणाऱ्या ‘मृ’ धातूपासून नव्हे. त्या धातूच्या ‘मृत’पासून मराठीत ‘मेला’ आला. म्हणजे आपल्या गावचे ‘मातीला जाणे’ हे मृताला माती देण्याच्या कृतीवरून पडलेले नाव आहे. मृत्यूचा अर्थ त्या शब्दाच्या मुळात नाही.

मलय ‘माती’ची भावंडे फार दूरवर पसरलेली आहेत. न्यूझीलंडच्या माओरीत ‘माते’, हवाईच्या भाषेत ‘माके’ आणि मादागास्करच्या मालागासीत पुन्हा ‘माती’, जिचा शेवटचा स्वर जेमतेम ऐकू येतो. मालागासीची सर्वांत जवळची नातलग भाषा बोर्निओच्या दक्षिण भागात बोलली जाते, म्हणजे ही मंडळी हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी पोहोचली तेव्हा आपली ‘माती’ही सोबत घेऊन गेली. माओरी ‘त’च्या जागी हवाईच्या भाषेत नियमाने ‘क’ येतो, त्यामुळे मरणाचे ‘माते’ आणि ‘माके’ तसेच डोळ्याचे ‘माता’ आणि ‘माका’ अशा जोड्या मिळतात. भाषांचे नाते ओळखताना शब्द सारखे दिसतात का, यापेक्षा ते अशा नियमाने वेगळे दिसतात का, हे पाहावे लागते.

आता ग्रीक. तिथे प्राचीन ‘ओम्मा’ म्हणजे डोळा, त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘ओम्मातिओन’, आणि पुढे आरंभीचा ‘ओ’ गळून व शेवट झिजून ‘माती’ उरले. गंमत अशी की ‘ओम्मा’ हा ‘पाहणे’ अर्थाच्या ‘ओप’ या मुळाला ‘-मा’ प्रत्यय लागून झालेला शब्द आहे. त्यामुळे आजच्या ‘माती’त मूळ धातूचे एकही अक्षर शिल्लक नाही, जे उरले आहे ते सगळे प्रत्यय आहेत. त्या ‘ओप’चा संस्कृतातील खरा सोयरा ‘अक्षि’ आहे, आणि तो आपल्या ‘साक्षीदार’मध्ये बसलेला आहे. ‘साक्षीदार’ आणि ‘माती’ यांना शेजारी ठेवून कोणी त्यांचे नाते ओळखू शकेल का?

प्रतिसाद २

माहिती उत्तम आहे, तरीही ‘योगायोग’ हे उत्तर मला सोयीस्कर वाटते. संस्कृतात मृत, अरबीत मौत आणि मलयमध्ये माती. तिन्ही ठिकाणी मरणाच्या शब्दात आधी ‘म’ आणि नंतर ‘त’ आहे. शब्दाचे रूप तेच आणि अर्थ वेगळा असता तर गोष्ट निराळी होती, पण इथे अर्थही जुळत आहे. ज्या काळाचे लिखित पुरावेच नाहीत, त्या काळाविषयी इतक्या खात्रीने कसे बोलता येईल?

प्रतिसाद ३

शंका रास्त आहे, म्हणून हे तिन्ही शब्द उकलून पाहू. ‘मृत’मधील ‘त’ हा धातूचा भाग नाही. ‘कृत’, ‘गत’, ‘हत’ यांत लागणारा तोच प्रत्यय इथे लागला आहे आणि धातूत फक्त ‘मृ’ आहे. मलय ‘माती’त नेमके उलट आहे. तिथला ‘म’ हा पूर्वप्रत्यय आहे, म्हणूनच फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये मेलेल्याला ‘पाताय’ म्हणतात. अरबीत मात्र म, व आणि त ही तिन्ही व्यंजने मूळ धातूचीच आहेत. म्हणजे आपल्याला दिसलेल्या ‘म-त’पैकी एकीकडे ‘त’ बाहेरचा, दुसरीकडे ‘म’ बाहेरचा. मग तिघांत समान काय उरले?

अर्थही जुळला म्हणून नाते सिद्ध होत नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलंडमधील म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी त्या भाषेचा अभ्यास केला तेव्हा हा इंग्रजीतून घेतलेला शब्द असेल असे कोणालाही वाटले असते. पण शेजारच्या यिडिन भाषेतील कुत्र्याचा शब्द ‘गुडागा’ आणि म्बाबाराममधील नियमित ध्वनिबदल पाहता तो शब्द तिथलाच ठरतो.

असे योगायोग घडण्यामागे साधा हिशेब आहे. हवाईच्या भाषेत 8 व्यंजने आणि 5 ऱ्हस्व स्वर आहेत. व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर अशा घडणीचे शब्द 8 × 5 × 8 × 5, म्हणजे अवघे 1600 होऊ शकतात. 15 व्यंजने धरली तरी आकडा 5625वर थांबतो. जगातील हजारो भाषांना आपले हजारो अर्थ अशाच मोजक्या साच्यांत बसवायचे असतात. त्यात म, त, आ, इ हे ध्वनी तर जवळजवळ सगळीकडे आढळणारे. शिवाय आपण तिन्ही शब्द देवनागरीत एकाच पद्धतीने लिहिल्यामुळे ते आहेत त्याहून अधिक सारखे दिसतात. मलय किंवा ग्रीकमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही; तिथे दुसरी वेलांटी आपण आपल्या सवयीने देतो.

एक अपवाद मान्य करायला हवा, तो आई-बापांच्या शब्दांचा. ‘मामा’सारखे शब्द जगभर आढळतात, कारण ओठ मिटून केलेले ध्वनी तान्ह्या मुलांना लवकर जमतात आणि त्यांना अर्थ मोठी माणसे चिकटवतात, असे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी मांडले आहे. तोही अर्थ ठरलेला नसतोच. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि आईला ‘देदा’ म्हणतात. आपला मामा तर आईचा भाऊ!

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. इथे आल्यापासून ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची मी एक वही ठेवली आहे. त्यात ‘माताहारी’ म्हणजे सूर्य, या नोंदीसमोर मी ‘हरि = सूर्य, संस्कृत’ असे ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते. वरील चर्चा वाचून इथल्या सहकाऱ्यांना विचारले, तर ‘हारी’ म्हणजे दिवस आणि ‘माताहारी’ म्हणजे दिवसाचा डोळा, असे कळले. ती नोंद खोडली. याउलट ‘चिंता’ हा शब्द मी परका मानून सोडून दिला होता, कारण इथे त्याचा अर्थ प्रेम असा आहे. तो खरोखर संस्कृतातून आलेला आहे का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांकडून

होय, तो संस्कृतातूनच गेलेला आहे. संस्कृतात ‘चिंता’ म्हणजे मनात सतत चाललेला विचार. मराठीत त्याची काळजी झाली आणि मलयमध्ये प्रेम. वहीत ‘संग्सारा’ हा शब्दही लिहून ठेवा. त्याचा तिथला अर्थ हालअपेष्टा असा आहे आणि तो आपल्या ‘संसारा’चाच सख्खा भाऊ आहे. घरी सांगताना मात्र जपून सांगा.