मदत हवी आहे: नेट पळतंय पण टीव्ही फुटतोय, पिगटेलचा (एका टोकाला कनेक्टर असलेल्या फायबरच्या तुकड्याचा) घोळ असेल का?

नमस्कार मंडळी, सांगली जिल्ह्यात लोकल केबल चालवतो. शेजारच्या गावचं नेटवर्क चालवायला घेतलंय, तिथं आधीच्या माणसानं कोएक्स (जुनी तांब्याची केबल) काढून फायबर टाकलेली आहे. एकाच फायबरवर १४९० नॅनोमीटर वेव्हलेंग्थला नेट आणि १५५० ला केबल टीव्ही, घरात एकच ओएनयू (फायबरवरून नेट आणि टीव्ही काढून देणारा डबा). स्प्लिटर (एका फायबरचा उजेड वाटून देणारे) एकापुढं एक, १:८ आणि परत १:८.

त्रास असा की एका गल्लीत नेट झकास चालतं, तक्रार नाही, पण टीव्हीवर चौकोन येतात नायतर आवाज तुटतो आणि मॅच असली की फोन सुरू. हिशोबानं ईडीएफएच्या (उजेड वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) पोर्टला १८ डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप), दोन स्प्लिटरचे २१ डीबी गेले, वाटेतलं थोडंफार धरलं तर घरात १५५० ला मायनस ५ च्या आसपास यायला पाहिजे, येतंय मायनस ९. नेटचं मायनस २० ऐवजी मायनस २४. मीटर पॉनचाच (अशा स्प्लिटरवाल्या फायबर नेटवर्कचाच) आहे, दोन्ही वेव्हलेंग्थ वेगळ्या दाखवणारा.

गल्लीचा बॉक्स उघडला तर आत हिरवे निळे पिगटेल मिसळून लावलेत, हिरव्या अडॅप्टरला एकीकडून हिरवा आणि दुसरीकडून निळा. बसतात तर दोन्ही व्यवस्थित, टक् करून आवाजपण येतो. प्रश्न एवढाच की हेच कारण आहे का, आणि असेल तर सगळे पिगटेल बदलायचे का नुसतं टोक तोडून भागेल? का सरळ फास्ट कनेक्टर (जागेवरच हातानं बसवायचा) मारू?

प्रतिसाद १:
दादा घोळ तिथंच आहे. अडॅप्टर आतून सारखाच असतो, रंग फक्त ओळखायला, म्हणून कुठलंही कनेक्टर बसतं आणि कोणाला शंका येत नाही. हिरव्याचं म्हणजे एपीसीचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं यूपीसीचं सरळ. तिरकं आणि सरळ समोरासमोर आले की मधे हवेची फट राहते, तिथं काही डीबी जातात आणि वर उजेड मागं फिरतो. नेटला फरक पडत नाही कारण बी प्लस क्लासचा ओएनयू मायनस २७ पर्यंत ओढतो. टीव्हीचं आरएफ मात्र उजेडावर ॲनालॉग पद्धतीनं बसवलेलं असतं, मागं फिरलेला उजेड त्यात नॉइज होऊन मिसळतो आणि एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) पडतो. नुसती पॉवर वाढवून हे जाणार नाही हां, ईडीएफएचा आकडा चढवत बसू नका.

तुमच्या रीडिंगमधेच उत्तर आहे, दोन्ही वेव्हलेंग्थ सारख्याच ४ नं पडल्यात. फायबर कुठं दुमडली असती तर १५५० जास्त पडलं असतं आणि १४९० कमी.

प्रतिसाद २:
निळं टोक तोडा, हिरवा पिगटेल स्प्लाइस करा (फायबर वितळवून जोडा). आतली काच तीच, स्प्लाइसला ०.०५ डीबीच्या आसपास जातं. फास्ट कनेक्टर घराच्या टोकाला चालेल, बॉक्समधे नको, त्यातली जेल आणि आपला पावसाळा यांचं फार दिवस जमत नाही. आणि सगळीकडं हिरवंच करायच्या नादात ओएलटीला (नेट पाठवणाऱ्या आपल्याकडच्या मशीनला) हात लावू नका, त्यातल्या एसएफपीचं (उजेडाच्या मॉड्यूलचं) तोंड निळंच असतं, तिथं एका बाजूला निळा एका बाजूला हिरवा असा पॅचकॉर्ड लागतो.

ईडीएफए चालू असताना पोर्ट काढघाल करू नका. एवढ्या पॉवरला टोकावरची धूळ जळून काचेला चिकटते, आणि १५५० डोळ्याला दिसत नाही म्हणून तोंडात डोकावून बघायचं तर अजिबात नाही.

धागाकर्ता:
आभारी आहे दोघांचा, रविवारी दुपारी लाइन बंद ठेवून करून घेतो. एक राहिलं, त्या निळ्यासमोर इतके दिवस बसलेले हिरवे कनेक्टर तसेच ठेवू का?

प्रतिसाद १:
आधी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि बिनधाग्याच्या टिश्यूनं पुसा, मग स्कोपखाली (फायबरचं टोक बघायच्या मायक्रोस्कोपखाली) बघा. मधोमध ओरखडा दिसला तर तेही तोडा. स्कोप नसेल तर विचार न करता तोडा, पिगटेलचे पैसे परत त्या गल्लीत जायच्या पेट्रोलपेक्षा कमीच पडतील.