‘मला सुचवलं’मधला ‘मला’ इंग्रजीत जातो कुठे?

अर्धविराम: एका कथेचं भाषांतर करतोय. वाक्य साधं आहे: ‘तिने मला थांबायला सुचवलं.’ मी लिहिलं, ‘शी सजेस्टेड मी टु वेट.’ तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ ओढली. ‘टोल्ड मी टु’ चालतं, ‘ॲडव्हाइज्ड मी टु’ चालतं, मग ‘सजेस्ट’चंच काय घोडं अडलं?

जुनीवही: ‘सजेस्ट’च्या पुढे माणूस येत नाही, सूचना येते. ‘शी सजेस्टेड दॅट आय वेट.’ तिथे ‘ही’ आला तरी ‘वेट’च, ‘वेट्स’ नाही. ‘एक्स्प्लेन’चीही तीच खोड. ‘एक्स्प्लेन मी’ नाही, ‘एक्स्प्लेन टु मी’.

अर्धविराम: ‘दॅट आय वेट’ फार सरकारी वाटतं हो. ‘सजेस्टेड वेटिंग’ केलं तर तीही थांबणार असं वाटतं, आणि कथेत ती तर निघून जाते!

मूळव्याध: (नाव बदलायचं राहिलंय, हसू नका.) लॅटिनमधून आलेली क्रियापदं अशीच ताठ. ‘गिव्ह हिम’ होतं, ‘डोनेट हिम’ होत नाही. ‘टेल’ इंग्रजीचं घरचं. मूळ अर्थ मोजणे, म्हणून तर बँकेत पैसे मोजणारा तो टेलर.

जुनीवही: मग ‘प्रॉमिस मी’, ‘ऑफर मी’ कसं चालतं? तीही लॅटिनचीच लेकरं.

खारीक: सगळे ‘सजेस्ट मी अ बुक’ बोलतात, समोरच्याला कळतं. कशाला एवढा कीस?

जुनीवही: ‘बोलतात’ नव्हे, ‘म्हणतात’.

खारीक: आलं का! माहेरी आम्ही ‘तो मला बोलला’ म्हणजे ‘म्हणाला’ याच अर्थाने वापरतो. सासरी त्याचा अर्थ रागावला. लग्नानंतर नवऱ्याला फोनवर सांगितलं, ‘आई मला बोलल्या.’ तो कामावरून धावत घरी. त्या फक्त चावी शेजारी ठेवल्याचं बोलल्या होत्या.

जुनीवही: म्हणूनच म्हणतो. ‘म्हणणे’ संस्कृत ‘भण्’पासून आलंय, त्याची जागा त्याला द्या.

मूळव्याध: गंमत बघा, ‘ती म्हणाली’ पण ‘तिने सांगितलं’. हा ‘ने’ कधी लावायचा ते आपल्याला कुणी शिकवलं?

अर्धविराम: माझं वाक्य राहिलं. तूर्त ‘टोल्ड मी टु वेट’ ठेवलंय, पण त्यात ती सुचवत नाही, हुकूम सोडते.

खारीक: निघूनच चाललीय ना, सोडू दे की.